क्लॅट पुन्हा द्यावी का? ८१.२५ गुण, रँक २६००च्या आसपास, एक जागा हातात

गोदाकाठ

मुलीने बारावी चालू असतानाच डिसेंबरात क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची, म्हणजे एनएलयूंची प्रवेश परीक्षा) दिली. १२० पैकी ८१.२५ गुण, ऑल इंडिया रँक २६००च्या आसपास, खुला वर्ग, महाराष्ट्राचा अधिवास. काउन्सेलिंगमध्ये महाराष्ट्राबाहेरच्या एका नव्या एनएलयूत जागा लागली आहे, सध्या फ्लोट केलं आहे, म्हणजे ती जागा धरून वरच्या पसंतीची वाट बघतोय. पाच वर्षांच्या लॉ अभ्यासक्रमाची राज्याची सीईटीही दिली आहे. पुण्या-मुंबईतल्या जुन्या कॉलेजांपैकी एखादं मिळेल असा अंदाज आहे.

तिला क्लॅट पुन्हा द्यायची आहे. घरात दोन मतं आहेत. वडील म्हणतात, मिळालं ते घे आणि पुढे चल. मला वाटतं, निर्णय आकड्यांकडे बघून व्हावा, म्हणून विभागवार हिशोब देते.

इंग्रजी: २४ पैकी १९ बरोबर, ५ चूक
चालू घडामोडी: २८ पैकी १५ बरोबर, १३ चूक
लीगल रीझनिंग: ३० पैकी २४ बरोबर, ४ चूक, २ सोडले
लॉजिकल: २६ पैकी २० बरोबर, ५ चूक, १ सोडला
गणित: १२ पैकी १० बरोबर, २ सोडले

विचारायचं असं: पुन्हा देण्यात अर्थ आहे का, आणि द्यायचीच तर पूर्ण ड्रॉप घेऊन (वर्षभर कुठेही प्रवेश न घेता) की कॉलेजात प्रवेश घेऊन?

कलम१४

ताई, पुन्हा परीक्षा देणं आणि ड्रॉप घेणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. बहुतेक घरांत ते एकत्र कालवले जातात आणि मग वाद मिटत नाही. आधी फक्त पहिल्या प्रश्नाचं बघू.

८८ बरोबर, २७ चूक, ५ सोडले. बरोबरला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. ८८ वजा ६.७५ म्हणजे ८१.२५, हिशोब जुळतो. आता गुण कुठे सांडलेत ते बघा. चालू घडामोडीत १५ वजा ३.२५, म्हणजे २८ पैकी ११.७५. बाकीच्या चार विभागांत मिळून ९२ पैकी ६९.५. म्हणजे एका विभागात ४२ टक्के आणि उरलेल्यात पंचाहत्तरच्या वर. ही चांगली खूण आहे. सगळीकडे थोडं थोडं कमी असतं तर वाचनाचा वेग आणि आकलन दोन्ही वाढवावं लागलं असतं, आणि ते सहा-आठ महिन्यांत फार हलत नाही. चालू घडामोडी मात्र सरळ मेहनतीवर वाढतात. तिथे १५ऐवजी २२ बरोबर आणि ६ चूक झाले तर २०.५ होतात, म्हणजे एकट्या त्या विभागात ८.७५ची भर, एकूण बरोबर ९०. त्याच काठिण्याच्या पेपरात ९० म्हणजे रँक हजाराच्या आसपास यायला हवी.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, या परीक्षेत चार-पाच गुण इकडेतिकडे होणं तयारीशी संबंध नसतानाही घडतं. त्याच मुलीने त्याच तयारीवर दुसरा पेपर सोडवला तर ७७ही पडतील, ८५ही पडतील. आणि या पट्ट्यात एका गुणामागेही रँक बरीच मागेपुढे होते. म्हणून "दोन-तीन गुणांनी हुकलं, पुन्हा देऊ" हे कारण पुरेसं नाही. तयारीत नक्की काय बदलणार आहे ते सांगता आलं पाहिजे. दोन, गुणांची तुलना वर्षावर्षांत करू नका. डिसेंबर २०२३च्या पेपरापासून प्रश्न १५०वरून १२० झाले, आणि काठिण्य दर वर्षी बदलतं. तुलना करायची ती रँकची.

अजून तीन माहित्या लागतील, त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील. शेवटच्या पाच-सहा मॉकचे (सराव परीक्षांचे) गुण. चुकलेल्या २७ प्रश्नांपैकी किती आंधळे अंदाज, किती "दोनात अडकले" आणि किती घाईत वाचलेले. आणि कोणत्या विभागाला किती मिनिटं गेली. प्रश्नपुस्तिका आणि उत्तरतालिका समोर ठेवून तिच्याकडूनच हे लिहून घ्या, आठवणीवर नको. पेपर देऊन काही महिने झालेत, तरी पुस्तिकेवरच्या तिच्या खुणा बघून बरंच कळेल.

फोर्टची पायरी

कलम१४ यांच्या हिशोबात एक प्रश्न जोडतो: हजाराच्या आसपास रँक आली तर कॉलेज खरंच बदलतं का? रँक सलग सरकते, कॉलेजं पायऱ्यांनी सरकतात.

खुल्या वर्गात ऑल इंडिया जागांवर बेंगळुरूचं एनएलएसआययू साधारण पहिल्या सव्वाशेत बंद होतं, हैदराबादचं नालसार दोनशेच्या आत, मुंबईचं एमएनएलयू (महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ) पाचशे-सहाशेच्या घरात. त्यामुळे २६००वरून १६००वर येण्यासाठी एक वर्ष घालवलं तर पदरात फारसं वेगळं काही पडणार नाही. २६००वरून ८००वर आलात तर चित्र बदलतं. महाराष्ट्राच्या अधिवासाचा फायदा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही एमएनएलयूंत मिळतो, आणि तिथे शेवटची रँक ऑल इंडियापेक्षा बऱ्याच मोठ्या आकड्यापर्यंत जाते. तेव्हा तिन्हींच्या मागच्या दोन वर्षांच्या फेरीनिहाय याद्या काढा, त्यातला फक्त "खुला, महाराष्ट्र अधिवास" हा रकाना बघा आणि शेवटच्या फेरीतली बंद झालेली रँक लिहून घ्या. तुमचं लक्ष्य तो आकडा. "चांगली रँक" हे लक्ष्य होऊ शकत नाही.

मुलीला पुढे काय करायचं आहे, हेही विचारा. मोठ्या लॉ फर्मच्या कॅम्पस मुलाखती हव्या असतील तर वरच्या एनएलयूंना अजूनही वजन आहे. जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात वकिली करायची असेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या वरिष्ठांकडे काम शिकायला मिळालं हे कॉलेजच्या नावापेक्षा मोलाचं ठरतं, आणि मुंबईतल्या कॉलेजाला हायकोर्ट आणि फोर्टातली चेंबर्स वर्षभर हाताशी असतात. न्यायाधीश व्हायचं असेल तर एमपीएससीची दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षा कॉलेज विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५च्या निकालात त्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, म्हणजे त्या वाटेवर पाच अधिक तीन वर्षं आहेतच. त्यात ड्रॉपचं एक आणखी घालायचं का, हा विचार वेगळा करावा लागतो.

पैशांचं थोडक्यात: एनएलयूत वसतिगृह आणि मेस धरून वर्षाला साधारण अडीच ते चार लाख. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाची फी त्या मानाने नगण्य. पाच वर्षांचा फरक गुणून बघा, मग त्या पायरीची किंमत कळते.

सहा_वाजता

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे ड्रॉप की कॉलेज.

एक गोष्ट सहसा कोणी स्पष्ट सांगत नाही. पुन्हा दिलेली क्लॅट यशस्वी झाली तर दोन्ही वाटांनी एक वर्ष जातंच. एनएलयूत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, आधीच्या कॉलेजात झालेले पेपर जमा धरले जात नाहीत, पाचही वर्षं पहिल्यापासून. फरक पडतो तो रँक सुधारली नाही तर. कॉलेजात असेल तर ती दुसऱ्या वर्षात जाते, एक दिवसही वाया जात नाही. ड्रॉपमध्ये असेल तर सीईटी पुन्हा द्यावी लागते, कारण सीईटी आणि क्लॅट दोन्हींचा निकाल त्या त्या वर्षापुरताच चालतो. जुनी रँक राखून ठेवता येत नाही, दोन प्रयत्नांतला चांगला धरत नाहीत.

मग कॉलेज घेऊन देण्यातली अडचण कोणती? वेळापत्रक. सीईटीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या लांबतात, वर्ग उशिरा भरतात, मग पहिलं सत्र आटोपायची घाई होते आणि विद्यापीठाची परीक्षा क्लॅटच्या मागेपुढे येऊन ठेपते. क्लॅट गेली तीन वर्षं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली: ३ डिसेंबर २०२३, १ डिसेंबर २०२४, ७ डिसेंबर २०२५. त्यात बार कौन्सिलचा ७० टक्के हजेरीचा नियम आहे, आणि काही कॉलेजं तो काटेकोर पाळतात. पण जून ते ऑगस्ट हे तीन महिने तिला जवळजवळ मोकळेच मिळतील. खरी तयारी तेव्हाच उरकायची, सप्टेंबरपासून फक्त मॉक आणि चालू घडामोडी.

हातातली एनएलयू घेऊन तिथून पुन्हा क्लॅट देणं हा पर्याय मी सुचवणार नाही. घर लांब, वसतिगृह, निवासी विद्यापीठाचं सत्राचं काम, आणि वर्षाचे दोन-तीन लाख बुडीत. त्या एनएलयूत ती पाच वर्षं समाधानाने राहणार असेल तर घ्या आणि क्लॅट विसरा. पुन्हा द्यायचं पक्कं असेल तर सीईटीचं कॉलेज घ्या. मात्र सीईटीची यादी लागण्याआधी एनएलयूची जागा सोडू नका. फ्रीझ (हीच जागा पक्की), फ्लोट आणि एक्झिट (प्रक्रियेतून बाहेर) यांपैकी एक्झिट दाबलं की परत फिरता येत नाही. प्रत्येक फेरीत पैसे भरण्याची शेवटची तारीख आणि कितवी फेरी संपेपर्यंत किती रक्कम परत मिळते, हे त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. हे नियम बदलत असतात.

कागदपत्रं: कॉलेज दाखल्याची मूळ प्रत जमा करून घेतं. त्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेवा, बारावीची गुणपत्रिका आणि दाखला दोन्ही स्कॅन करा. पुढच्या वर्षी एनएलयू मिळाली तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज, दाखला परत आणि विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्र, यांना दोन-तीन आठवडे सहज लागतात. एकाच वेळी दोन ठिकाणी नियमित प्रवेश चालत नाही, त्यामुळे आधीचा रद्द केल्याचं पत्र हातात हवं.

आणि परीक्षेच्या कॅलेंडरवर फार विसंबू नका. डिसेंबर २०२४च्या पेपरातल्या काही उत्तरांवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२५मध्ये मिटलं. तोवर काउन्सेलिंग रखडली. तशा वर्षी ज्यांच्या हातात दुसरा प्रवेश असतो ते निर्धास्त असतात.

गोदाकाठ

खूप आभार. मुलीला बसवून सगळं लिहून घेतलं.

शेवटचे सहा मॉक: ७९, ८३, ८८, ८४, ८१, ८६.

चालू घडामोडीतल्या १३ चुकांपैकी ८ आंधळे अंदाज, ५ दोनात अडकलेले. लीगलच्या ४ चुकांपैकी ३ एकाच उताऱ्यावर. लॉजिकलच्या ५ चुका बहुतेक शेवटच्या दोन उताऱ्यांत. पेपर पुस्तिकेच्या क्रमाने सोडवला. इंग्रजीला अठ्ठावीस मिनिटं, चालू घडामोडींना चोवीस. लॉजिकल आणि गणिताच्या वेळी घाई झाली. ओएमआर (गोळे भरायची उत्तरपत्रिका) प्रत्येक विभाग संपल्यावर भरला.

कलम१४

आता नेमकं बोलता येईल.

मॉकचा मधला आकडा ८३.५. प्रत्यक्षात ८१.२५. म्हणजे परीक्षेचा दिवस वाईट गेला असं नाही, तिची पातळीच ८१ ते ८६ आहे. मॉक ९२ आणि परीक्षेत ८१ असं असतं तर मी "जशी आहे तशी तयारी ठेवून पुन्हा द्या" म्हटलं असतं. इथे पातळी वर न्यावी लागेल. पण चुकांचा प्रकार बघता ती नेता येण्यासारखी आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती चोवीस मिनिटं. चालू घडामोडींचे उतारे साडेचारशे शब्दांचे असतात, पण उत्तरं बहुधा उताऱ्यात नसतातच. माहिती असेल तर प्रश्न वीस सेकंदांत सुटतो, नसेल तर उतारा तीनदा वाचूनही सुटत नाही. तिथे बारा मिनिटं पुरतात: उताऱ्याच्या पहिल्या दोन-तीन ओळींवरून विषय ओळखायचा, थेट प्रश्नांकडे जायचं, आणि माहीत नसलेल्यावर थांबायचं नाही. वाचलेली बारा मिनिटं लॉजिकलला दिली की शेवटच्या दोन उताऱ्यांतली घाई संपते.

वेळेचं गणित बघा. चालू घडामोडी सोडून उरतात साधारण अठरा उतारे, प्रत्येकी साडेचारशे शब्द धरले तर आठ हजारांच्या आसपास शब्द. मिनिटाला दोनशे शब्दांनी चाळीस मिनिटं निव्वळ वाचनाला जातात. माझी सूचना: चालू घडामोडी १२, लीगल ३५, इंग्रजी २५, लॉजिकल ३०, गणित १२. एकूण ११४, सहा मिनिटं शिल्लक. गणितात तिचं एकही उत्तर चुकलेलं नाही, दोन नुसते राहून गेले. ते दोन गुण वेळेनेच परत येतील.

ओएमआरबद्दल: विभाग संपल्यावर एकदम तीस गोळे भरणं धोक्याचं आहे. मध्ये एक प्रश्न सोडलेला असतो आणि पुढची सगळी ओळ एकाने सरकते. उतारा संपला की त्याचे पाच-सहा गोळे भरायचे, आणि पहिला गोळा भरताना प्रश्नक्रमांक बोट ठेवून बघायचा. एका गोळ्याला पाच सेकंद धरले तरी १२० गोळ्यांना दहा मिनिटं जातात. वर दिलेल्या मिनिटांत ती धरलेली आहेत.

अंदाजाचा नियम: चार पर्यायांत आंधळा अंदाज सरासरीने ०.०६ गुण देतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन पर्याय बाद करता आले तर ०.३७ देतो, तेव्हा तो जरूर करावा. त्या ८ आंधळ्या अंदाजांनी तिचं नुकसान फार झालं नाही, पण तिथे विचार करत घालवलेल्या मिनिटांनी झालं.

लीगलच्या एकाच उताऱ्यावर तीन चुका, हे बहुतेक वेळा बाहेरचं ज्ञान आत आणल्याने होतं. उताऱ्यात दिलेला नियम खऱ्या कायद्यापेक्षा वेगळा किंवा अपुरा असला तरी उत्तर त्या नियमावरच द्यायचं असतं. तो उतारा पुन्हा काढा आणि प्रत्येक प्रश्नासाठी "हे उत्तर कोणत्या वाक्यावरून" ते अधोरेखित करायला सांगा. वाक्य सापडलं नाही तर कारण तेच.

माझं मत: पुन्हा द्यावी. पूर्ण ड्रॉप घेऊ नये.

उजळणी

चालू घडामोडी "वाढवायच्या" म्हणजे काय करायचं, ते लिहितो, कारण मुलं इथेच मासिकांच्या मागे लागून चार महिने घालवतात.

क्लॅटचा प्रश्न बातमीवर क्वचित असतो, बातमीच्या मुळाशी असलेल्या गोष्टींवर असतो. उदाहरण घ्या. "भारतीय न्याय संहिता लागू झाली" ही बातमी. तिच्यावर निघणारे प्रश्न: कधीपासून लागू? १ जुलै २०२४. राष्ट्रपतींची मंजुरी कधी? २५ डिसेंबर २०२३. कोणत्या कायद्याच्या जागी? १८६०ची भारतीय दंड संहिता. सोबतच्या दोन कायद्यांनी काय बदललं? नागरिक सुरक्षा संहितेने १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता, साक्ष्य अधिनियमाने १८७२चा पुरावा कायदा. कलमं किती? ५११च्या जागी ३५८. शिक्षेचा नवा प्रकार कोणता? सामाजिक सेवा. एका बातमीतून इतके प्रश्न निघतात, आणि बातमी नुसती वाचून गेलेल्या मुलाला यातला पहिलाच येतो.

म्हणून वही अशी ठेवा: एका विषयाला एक पान. वर बातमी दोन ओळींत. खाली संबंधित कायदा किंवा घटनेचं कलम, संस्था, तिचं मुख्यालय आणि प्रमुख, स्थापनेचं वर्ष, याआधी असं कधी घडलं होतं, आणि कोणता करार किंवा अहवाल यात येतो. रोज दोन पानं, त्याहून जास्त नको. रविवारी आठवड्याची पानं उलट्या बाजूने: फक्त शीर्षक बघून खालचं तोंडी सांगायचं. मागचे दहा-बारा महिने धरायचे, त्याआधीचं सोडून द्या. जूनपासून रोज पन्नास मिनिटं दिली तर नोव्हेंबरअखेर तीनशेच्या आसपास पानं होतात. १५वरून २२ होतात ते याच्यावर.

तिचे ५ प्रश्न "दोनात अडकलेले" आहेत. ते अर्धवट माहितीचे आहेत, आणि उजळणीने सगळ्यात आधी तेच सुटतात.

वर्धेकर

मराठी माध्यमातून बारावी केलेल्या मुलांनी क्लॅट पुन्हा देण्याचा विचार करावा का? पहिल्या वेळी साठच्या आत गुण आहेत.

कलम१४

वर्धेकर, एक चाचणी घ्या. जुन्या पेपरातला लीगलचा एक उतारा द्या आणि वेळ न लावता प्रश्न सोडवायला सांगा. वेळ अमर्याद असताना पाचपैकी चार-पाच बरोबर येत असतील तर अडचण फक्त इंग्रजी वाचनाच्या वेगाची आहे. रोज तासभर इंग्रजी संपादकीय वाचून वर्षभरात त्यात चांगला फरक पडतो, पुन्हा द्यायला हरकत नाही. वेळ असूनही दोन-तीनच बरोबर येत असतील तर सध्या क्लॅटपेक्षा राज्याच्या सीईटीवर जोर द्या. ती मराठीतूनही देता येते, १२० प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत, आणि उताऱ्यांचा भार क्लॅटसारखा नाही.

उजळणी

त्यात एवढं जोडतो: बातम्या मराठी वर्तमानपत्रातून वाचल्या तरी चालतात, पण वहीतली नावं इंग्रजीत लिहा. घटनापीठ माहीत असतं आणि पेपरात कॉन्स्टिट्यूशन बेंच दिसल्यावर मूल थांबतं. लवाद म्हणजे आर्बिट्रेशन, जनहित याचिका म्हणजे पीआयएल, अध्यादेश म्हणजे ऑर्डिनन्स, असे दोनशे-अडीचशे शब्द आहेत, महिन्याभरात होतात.

गोदाकाठ

मुलगी आणि तिचे वडील दोघांनीही सगळं वाचलं. सीईटीचं कॉलेज घ्यायचं आणि डिसेंबरात पुन्हा क्लॅट द्यायची, यावर एकमत झालं आहे. वडिलांचा एकच प्रश्न आहे: सप्टेंबरात कळेल का की जमतंय की नाही? मध्येच थांबायचं झालं तर कशावरून?

कलम१४

कळेल. सप्टेंबरअखेरपर्यंत दहा नवे मॉक, सगळे दुपारी दोन ते चार याच वेळात, छापील कागदावर आणि ओएमआर भरून. स्क्रीनवर सोडवलेले मोजू नका. दहापैकी मधला आकडा ९१च्या वर असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात आठवड्याला दोन मॉक, आणि प्रत्येक मॉकनंतर तेवढाच वेळ चुका तपासायला. ८४-८६वरच असेल तर परीक्षा द्या, पण कॉलेजच्या सत्र परीक्षेचा बळी देऊ नका. मधल्या पट्ट्यात असेल तर विभागवार बघा: चालू घडामोडी २० बरोबरच्या पुढे गेल्या असतील आणि बाकीचं स्थिर असेल तर चालू ठेवा. एकाच संस्थेचे मॉक नकोत, दोन संस्थांचे मिसळा. काठिण्य वेगळं असतं, म्हणून गुणांबरोबर त्या मॉकमधला पर्सेंटाइलही टिपून ठेवा.

सहा_वाजता

वडिलांना आणखी एक सांगा. पुन्हा तयारी करतेच आहे तर त्याच महिन्यात दिल्लीच्या एनएलयूची वेगळी प्रवेश परीक्षा, आयलेट, आहे: १५० प्रश्न, दोन तास, त्यातले ७० लॉजिकलचे. तिचं लॉजिकल वेळ मिळाल्यावर सुधारणार असेल तर तिथे फायदा आहे. पुण्याच्या सिंबायोसिसची स्लॅटही: ६० प्रश्न, ६० मिनिटं, चुकीला कपात नाही, आणि एकाच मोसमात दोनदा देता येते, चांगला निकाल धरतात. तिन्हींचे फॉर्म वेगळे, फी वेगळी.

क्लॅटचा फॉर्म गेल्या खेपेला १ ऑगस्टपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत होता, मग आठवडाभर मुदत वाढली. खुल्या वर्गाची फी ४००० रुपये. फॉर्ममध्ये महाराष्ट्र अधिवासाचा रकाना आठवणीने भरा. तो राहिला आणि दुरुस्तीची मुदत गेली की एमएनएलयूच्या राज्याच्या जागांवर दावा करता येत नाही. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर जूनमध्येच आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज टाका. निकालांच्या हंगामात तहसील कार्यालयात गर्दी असते. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे अगदी तसंच हवं, आईचं नाव आणि आडनावाचं स्पेलिंगसुद्धा. पडताळणीत अडकतं ते तिथेच.

गोदाकाठ

अधिवास प्रमाणपत्र आहे, पण त्यावर आडनावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रापेक्षा एका अक्षराने वेगळं आहे. दुरुस्त करावं लागेल का?

सहा_वाजता

हो. दुरुस्तीत वेळ घालवू नका, दहावीचं प्रमाणपत्र जोडून नव्याने अर्ज करा, ते लवकर होतं. नवीन हातात आलं की जुनं कुठेही अपलोड करू नका.